कुंडीतल्या मिरचीला खत नेमकं किती?

बाल्कनीत मिरची लावणं सोपं आहे. कठीण जातं ते खताच्या बाबतीत हात आवरणं. रोप जरा मरगळलेलं दिसलं की मूठभर युरिया, फुलं गळाली की चमचाभर डीएपी, पानं वळली की शेजाऱ्यांनी सांगितलेलं आणखी काही. मग आठ दिवसांत पानांच्या कडा करपतात आणि आपण पुन्हा विचारतो, ‘आता कोणतं खत घालू?’ कोणतं, याचं उत्तर रोपवाटिकेत लगेच मिळतं. किती आणि केव्हा, हे सहसा कुणी सांगत नाही, आणि मिरचीचं यश तर तिथेच ठरतं. म्हणून या लेखात भर आहे तो मापावर.

एका रोपाचा हिशोब

सुरुवात शेतापासून करू. महाराष्ट्रात ओलिताखालच्या मिरचीसाठी हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश ही शिफारस वर्षानुवर्षं चालत आली आहे. दोन ओळींत ६० आणि दोन रोपांत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवलं, तर एका हेक्टरात सुमारे ३७ हजार रोपं बसतात. आता भागाकार करा. एका रोपाच्या वाट्याला येतं २.७ ग्रॅम नत्र, १.३५ ग्रॅम स्फुरद आणि तेवढंच पालाश.

युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे हे नत्र साधारण ६ ग्रॅम युरियात मिळतं. चहाचा दीड सपाट चमचा भरेल एवढाच हा युरिया. स्फुरदासाठी साडेआठ ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि पालाशसाठी सव्वादोन ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश पुरतं. ही मात्रा एका वेळची नाही. लावणीपासून शेवटच्या तोड्यापर्यंतच्या सगळ्या हंगामाची आहे, आणि शेतकरी त्यातलं नत्रही हप्त्याहप्त्यानं देतो. मूठभर युरिया म्हणजे ४० ग्रॅमच्या पुढे; एका रोपाचं सहा-सात हंगामांचं नत्र एका दिवसात त्याच्या मुळांवर पडतं.

या आकड्यांसोबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. शेतात रासायनिक खताच्या आधी शेणखत पडलेलं असतं. हेक्टरी २० टन धरलं तरी एका रोपामागे अर्धा किलोहून थोडं जास्त होतं. मिरचीचा खरा आधार हाच आहे. बाकीचं खत लागतं ते वेळेवर जोड देण्यापुरतं.

कुंडीत गणित थोडं बदलतं

कुंडीतलं रोप शेतातल्या रोपापेक्षा दोन बाबतींत वेगळं असतं. पहिली, पाणी रोज घालावं लागतं आणि त्याबरोबर नत्र तळाच्या भोकातून वाहून जातं. म्हणजे एकदा घातलेलं खत फार दिवस टिकत नाही. दुसरी, मुळांना पळायला जागा नसते. शेतात खत जास्त झालं तर मुळं बाजूच्या, खालच्या मातीत शिरतात. कुंडीत सगळे क्षार त्याच दहा-बारा लिटर मातीत साचतात, मातीतल्या पाण्याची खारटी वाढते आणि मुळांना पाणी ओढून घेता येत नाही. माती ओली असूनही रोप सुकल्यासारखं दिसतं ते यामुळे.

या दोन्ही गोष्टींवर उपाय एकच: थोडं थोडं, पण नियमानं. महिन्यातून एकदा भरपूर घालण्यापेक्षा दहा दिवसांनी चिमूटभर घातलेलं खत मिरचीला जास्त लागू पडतं.

कुंडी भरतानाच निम्मं काम

मिरचीला १२ इंची कुंडी किंवा तेवढीच वाढपिशवी उत्तम. लवंगीसारख्या लहान मिरचीला १० इंचीही चालते. मिश्रण असं करा:

- दोन भाग लाल किंवा पोयट्याची माती
- एक भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत
- एक भाग धुतलेला कोकोपीट
- १२ इंची कुंडीला एक मूठ, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम, निंबोळी पेंड
- दोन मोठे चमचे हाडांचा चुरा; तो नको असेल तर दीड सपाट चहाचा चमचा सिंगल सुपर फॉस्फेट

शेणखत कुजलेलं आहे याची खात्री करा. हातात घेतल्यावर भुसभुशीत लागावं, शेणाचा वास येता कामा नये. कच्चं शेण कुंडीत तापतं, कोवळी मुळं भाजतात आणि हुमणीच्या अळ्या येतात त्या वेगळ्याच. हाडांचा चुरा फार हळू विरघळतो आणि चुनखडीच्या मातीत तर त्याचा उपयोग कमीच होतो. पठारावर, जिथे माती चुनखडीची आणि पाणी बोअरचं आहे, तिथे सुपर फॉस्फेट बरं. स्फुरद मातीत फारसं हलत नाही, म्हणून ते भरणीच्या वेळीच मुळांच्या जागी मिसळायचं. नंतर वरून टाकलेलं बरंचसं वरच्या थरातच अडकतं.

ही भरणी नीट झाली असेल, तर लावणीनंतरचे तीन आठवडे दुसऱ्या कोणत्याही खताची गरज नाही.

रोपाच्या वयाप्रमाणे मात्रा

*बी ते रोप.* बी उगवल्यावर दिसणारी पहिली दोन पानं ही बीजपानं. त्यांच्यात रोपाची शिदोरी असते. त्यानंतर खऱ्या पानांच्या दोन जोड्या येईपर्यंत फक्त पाणी. मग १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला पाव ग्रॅम या मापानं, आठवड्यातून एकदा, माती भिजेल इतकंच. रोपं गांडूळखताच्या मिश्रणात असतील तर हेही सोडून दिलं तरी चालतं.

*लावणी.* चार-पाच आठवड्यांनी रोप वीतभर झालं की मोठ्या कुंडीत लावा. या वेळी मुळं दुखावलेली असतात. लावलेल्या दिवशी खत घातलं की रोप लवकर धरेल असं वाटतं, प्रत्यक्षात ते मागे पडतं. नवा कोंब दिसेपर्यंत थांबा.

*वाढ.* तीन आठवड्यांनंतर १९:१९:१९ लिटरला १ ग्रॅम, दर दहा दिवसांनी. १२ इंची कुंडीला या द्रावणाचं अर्धा लिटर, १० इंचीला ३०० मिलिलिटर, ८ इंचीला २०० मिलिलिटर. अर्धा लिटर द्रावणातून रोपाला जेमतेम एक दशांश ग्रॅम नत्र मिळतं. हंगामात असे बारा हप्ते दिले तरी बेरीज सव्वा ग्रॅमच्या आत राहते; उरलेलं गांडूळखत आणि पेंड सावकाश पुरवतात. वरचा शेताचा हिशोब आणि हा हिशोब असा जुळतो.

*कळी आणि फूल.* रोपाला पहिली फांदी फुटते त्या बेचक्यात पहिली कळी येते. इथून नत्राचा हात आखडायचा. एका हप्त्याला १९:१९:१९, पुढच्या हप्त्याला १३:०:४५, दोन्ही लिटरला १ ग्रॅम. १३:०:४५ मध्ये पालाश जास्त असतं आणि फळ भरताना झाडाला ते हवं असतं. ‘फुलं येण्यासाठी’ म्हणून स्फुरदाचा मारा करू नका. भरणीत स्फुरद पडलेलं आहे. जादा झालं तर लोह आणि जस्त उचलायला अडथळा येतो.

*तोडा सुरू झाल्यावर.* दर महिन्याला दोन मुठी गांडूळखत मातीच्या वरच्या थरात खुरप्यानं हलकं मिसळा. बुंध्यापासून चार बोटं दूर. पाण्यातून देण्याचे हप्ते चालूच ठेवा. आणि मिरच्या वेळेवर तोडा. हिरव्या मिरच्या तोडत राहिलं की झाड नवी फुलं धरत राहतं.

मोजायचं कसं?

एक ग्रॅम खत मोजणारा काटा प्रत्येक घरी नसतो, आणि स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा एवढ्या थोड्या वजनाला फसतो. म्हणून आधी घट्ट द्रावण करून ठेवा. १० ग्रॅम खत, म्हणजे साधारण दोन सपाट चहाचे चमचे, १ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. वापरताना यातलं १०० मिलिलिटर घ्या आणि त्यात ९०० मिलिलिटर साधं पाणी घाला. लिटरला १ ग्रॅमचं माप तयार झालं. कोवळ्या रोपांसाठी १०० ऐवजी २५ मिलिलिटर घ्या आणि साधं पाणी घालून लिटर पूर्ण करा. बाटलीवर खताचं नाव आणि तारीख लिहा. शीतपेयाच्या किंवा पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत हे द्रावण कधीही भरू नका. घरातलं कुणी चुकून पिऊ शकतं.

देताना तीन नियम पाळा. माती कोरडी असेल तर आधी साधं पाणी द्या आणि अर्ध्या तासानं खत. भर उन्हात देऊ नका, सकाळ किंवा संध्याकाळ धरा. आणि कॅल्शियम नायट्रेट द्यायचं असेल, तर ते १९:१९:१९ बरोबर किंवा एप्सम सॉल्टबरोबर एका बाटलीत कालवू नका. त्यांचा साका खाली बसतो आणि खत वाया जातं. दोन्हींत आठवड्याचं अंतर ठेवा.

घरची खतं

रासायनिक खत अजिबात नको, असं ठरवलं असेल तरी मिरची छान येते. फक्त मापाचा नियम तिथेही लागू आहे, कारण सेंद्रिय खत जास्त झालं तरी मुळं करपतात.

शेंगदाण्याची पेंड नत्रानं समृद्ध असते. १०० ग्रॅम पेंड लिटरभर पाण्यात तीन-चार दिवस भिजवा, रोज ढवळा, मग एक भाग पाण्यात दहा भाग साधं पाणी घालून कुंडीला अर्धा लिटर द्या, पंधरा दिवसांतून एकदा. गोमूत्रही दहापट पाण्यात पातळ करूनच. जीवामृत घरी मिळत असेल तर तेही दहापट पातळ करा. त्याचं मुख्य काम मातीतले जीवाणू वाढवण्याचं; कुंडीचं सगळं पोषण एकट्या जीवामृतावर सोपवू नका.

लाकडाच्या राखेत पालाश असतं, पण ती अल्कधर्मी आहे. कोकणातल्या आंबट जांभ्या मातीत महिन्याला एक चमचा राख चालते. पठारावरच्या चुनखडीच्या मातीत टाळा. युरियासोबत राख कधीच नको, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. अंड्यांची टरफलं, चहाचा चोथा, केळीच्या साली या वस्तू कुंडीत थेट टाकण्यापेक्षा कंपोस्टच्या डब्यात टाकाव्यात. कुजल्याशिवाय त्यांतलं फारसं काही मुळांना मिळत नाही, आणि वर चिलटं येतात. चहाचा चोथा वापरायचाच असेल तर साखर-दूध धुऊन काढा.

भूक आहे की दुखणं?

खत घालण्याआधी रोपाकडे दोन मिनिटं नीट बघा. कोणतं पान बिघडलं आहे, खालचं जुनं की शेंड्याचं कोवळं, यावरून बरंच कळतं.

- *खालची जुनी पानं सरसकट फिकी पिवळी, वाढ खुंटलेली:* नत्र कमी आहे. १९:१९:१९ चे दोन हप्ते आठवड्याच्या अंतरानं द्या. पण माती सतत चिखलासारखी ओली असेल, तर मुळं गुदमरल्यामुळेही पानं अशीच पिवळी पडतात. तेव्हा खत थांबवा आणि तळाची भोकं मोकळी करा.
- *जुन्या पानांच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा:* मॅग्नेशियम कमी आहे. एप्सम सॉल्ट लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी पानांवर, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा.
- *शेंड्याच्या पानांच्या शिरा हिरव्या आणि पान पिवळं:* लोह कमी पडतं आहे. बोअरचं जड पाणी आणि चुनखडीची माती असेल तिथे हे हमखास दिसतं. चिलेटेड लोह पाकिटावरच्या मापानं फवारा.
- *मिरचीच्या टोकाला काळपट, कोरडा, खोलगट डाग:* फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. बहुतेक वेळा दोष पाण्याच्या अनियमितपणाचा असतो. एक दिवस कुंडी कोरडी ठणठणीत, दुसऱ्या दिवशी तुडुंब. पाणी नियमित करा, नत्र कमी करा.

आता सर्वात महत्त्वाचं: पानं आकसून वळणं, म्हणजे चुरडा-मुरडा किंवा बोकड्या. ही भूक नव्हे. फुलकिडे रस शोषतात तेव्हा पानाच्या कडा वर वळतात. कोळी लागले तर कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखं दिसतं. पांढरी माशी विषाणू पसरवते, तेव्हा पानं लहान, सुरकुतलेली आणि झाड झुडपासारखं बुटकं होतं. या तिन्हींवर खत हा उपाय नाहीच, उलट नत्रानं कोवळी, रसाळ फूट वाढते आणि किडींना मेजवानी मिळते. सकाळच्या उजेडात पानाची मागची बाजू बघा. किडी असतील तर पिवळे आणि निळे चिकट सापळे लावा, निंबोळी अर्क पानांच्या मागच्या बाजूला पोचेल असा आठवड्याला फवारा. विषाणू झालेलं झाड बरं होत नाही. शेजारच्या कुंड्या वाचवायच्या तर ते उपटून टाकावं लागतं, मन घट्ट करून.

फुलगळीचंही तसंच. पारा ३५ अंशांच्या वर गेला की मिरची फुलं टाकते. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत कितीही खत दिलं तरी ती फुलं धरणार नाहीत. त्या दिवसांत दुपारची सावली, मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन आणि सकाळ-संध्याकाळ पाणी, एवढंच द्या. आणि झाड गर्द हिरवं, उंच, पानांनी गच्च, पण फूल एकही नाही, अशी अवस्था असेल तर नत्र जास्त झालं आहे. तीन आठवडे काहीही घालू नका.

खत जास्त पडलंच तर

पानांच्या कडा तपकिरी करपणं, मातीवर किंवा कुंडीच्या बाहेरून पांढरी पापुद्र्यासारखी साय धरणं, ओल्या मातीतही रोप मान टाकणं, ही क्षार साचल्याची चिन्हं आहेत. पालाश कमी असलं तरी जुन्या पानांच्या कडा करपतात, त्यामुळे इथे फसगत होते. पांढरा थर दिसला तर आधी क्षारांचाच संशय घ्या. दाणेदार खत वर दिसत असेल तर ते मातीसकट खरवडून काढा. मग कुंडीतल्या मातीच्या दुप्पट ते अडीचपट साधं पाणी, १२ इंची कुंडीला २५ ते ३० लिटर, दोन-तीन टप्प्यांत सावकाश ओता आणि तळातून वाहू द्या. खालची ताटली रिकामी करा, नाहीतर तेच पाणी माती परत शोषून घेते. पुढचे दोन-तीन आठवडे खत बंद. नवा शेंडा हिरवा आला की निम्म्या मापानं पुन्हा सुरुवात.

जात आणि ऋतू बघून हात बदला

सगळ्या मिरच्यांची भूक सारखी नसते. ढोबळी मिरचीला मोठी, गराची फळं पोसायची असतात. तिला आठवड्याला हप्ता हवा. पुसा ज्वालासारख्या लांब मिरचीला दहा दिवसांचा हप्ता बरोबर बसतो. लवंगी आणि गावठी तिखट मिरच्या कमी खतावर समाधानी असतात. त्यांना दोन हप्त्यांत पंधरा दिवसांचं अंतर ठेवा. गोव्यातल्या काणकोणची खोला मिरची, जिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर पिकते. अशा जातींचं बी आणून घरी लावलं, तर त्यांना पंचतारांकित सरबराईची गरज नाही, हे लक्षात ठेवा.

पावसाळ्यात उघड्यावरच्या कुंडीतून खत वाहून जातं, पण ऊन कमी असल्यानं झाडाची भूकही कमी असते. तेव्हा पाण्यातून देण्याऐवजी गांडूळखताची मूठ द्या आणि उघडीप मिळाली तरच द्रावणाचा हप्ता. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचं कोवळं ऊन मिरचीला मानवतं. पूर्ण मात्रा द्यायची ती याच काळात. बाल्कनीत चार तासांपेक्षा कमी ऊन येत असेल, तर सगळी मापं निम्मी करा. उन्हाची उणीव खतानं भरून निघत नाही.

आणि हंगाम संपला म्हणून झाड टाकून देऊ नका. निरोगी मिरची कुंडीत दोन-तीन वर्षं जगते. तोडे कमी झाले की पावसाच्या तोंडावर झाड एक तृतीयांश छाटा, वरची तीन-चार इंच माती काढून तिथे गांडूळखत आणि अर्धी मूठ निंबोळी पेंड भरा. नवी फूट बोटभर झाली की लिटरला अर्ध्या ग्रॅमनं हप्ते सुरू करा आणि महिन्याभरात पूर्ण मापावर या. प्रत्येक हप्त्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. दिलं की नाही असा संशय आला, तर दिलं आहे असं समजा आणि पुढच्या तारखेपर्यंत थांबा. एखादा हप्ता चुकला तर मिरची तो सहज भरून काढते. दुप्पट पडलेला हप्ता निस्तरायला मात्र तिला महिना लागतो.